लिफ्टचा धोका दोरात कमी आणि दारात जास्त

लिफ्टमध्ये पाऊल ठेवताना ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना बहुधा एकाच गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे दोर तुटून केबिन खाली कोसळण्याची. ही धास्ती चुकीच्या जागी आहे, कारण गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत लिफ्ट बनवणाऱ्यांनी सर्वांत जास्त डोके चालवले आहे ते नेमके याच शक्यतेवर. प्रवाशांना इजा होते ती बहुतेक वेळा दाराशी: बंद होणाऱ्या दारात हात घातल्याने, उंबरठ्याला ठेच लागल्याने, केबिन समोर नसताना उघडलेल्या दारातून पाऊल टाकल्याने, किंवा अडकलेल्या केबिनमधून घाईने उडी मारल्याने. लिफ्टमधल्या शिष्टाचाराचे प्रसंगही बरेचसे दाराशीच घडतात. त्यामुळे दार कसे चालते हे एकदा समजून घेतले, तर लिफ्टमध्ये कसे वागावे याचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

तरीही आधी दोरांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण मनातली भीती गेल्याशिवाय लक्ष दाराकडे वळत नाही. उंच इमारतींतली बहुसंख्य लिफ्ट पोलादी दोरांवर टांगलेली असते. हे दोर मोटरला जोडलेल्या, खाचा असलेल्या पुलीवरून जातात. त्यांच्या एका टोकाला केबिन असते आणि दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे लोखंडाच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांचा भार. तराजूच्या दोन पारड्यांसारखी ही रचना असते. काउंटरवेटचे वजन रिकामी केबिन अधिक तिच्या क्षमतेचा साधारण ४० ते ५० टक्के भाग इतके ठेवतात, त्यामुळे मोटरला सगळा भार ओढावा लागत नाही, दोन बाजूंमधला फरक तेवढा ओढावा लागतो. यातून एक गमतीची गोष्ट निघते: केबिनमध्ये एकटादुकटा प्रवासी असेल तर काउंटरवेटच जड भरते, आणि ब्रेकने दगा दिलाच तर अशी केबिन खाली पडण्याऐवजी वर सरकू लागते.

दोर एक नसतो, अनेक असतात, आणि तीन किंवा अधिक दोर असलेल्या लिफ्टसाठी युरोपीय मानकात किमान १२ पट सुरक्षा-गुणांक धरलेला आहे. म्हणजे दोरांवर जेवढा भार येणार त्याच्या १२ पट भार पेलण्याची त्यांची ताकद असावी लागते. त्यापलीकडे गव्हर्नर नावाचे एक यंत्र केबिनच्या वेगावर सतत नजर ठेवते. वेग ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेला की ते आधी वीज तोडते, आणि तरीही केबिन थांबली नाही तर केबिनच्या खाली बसवलेले जबडे दोन्ही बाजूंच्या लोखंडी मार्गदर्शक रुळांना घट्ट पकडतात. दोर तुटला तरी केबिन थांबवता येते हे अमेरिकी संशोधक एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः उंच फळीवर उभे राहून आणि दोर कापायला लावून लोकांना दाखवले होते. त्यानंतर १८५७ मध्ये त्याच शहरातल्या एका पाच मजली दुकानात प्रवाशांसाठी अशी सुरक्षित लिफ्ट सुरू झाली. ब्रेकचीही रचना उलटी, म्हणून शहाणपणाची आहे. तो विजेने लागत नाही, विजेने सुटतो. वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने आपोआप लागतो. दोर खरोखर तुटल्याचे प्रसिद्ध उदाहरण २८ जुलै १९४५ चे आहे, आणि त्यासाठी दाट धुक्यात एक बॉम्बफेकी विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळावे लागले होते. त्या दिवशी ७५ मजले खाली गेलेल्या केबिनमधली लिफ्टचालक तरुणी गंभीर जखमी झाली, पण वाचली.

आता दाराकडे येऊ. सरकत्या दारांच्या लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्यावर दोन दारे असतात, एक मजल्याचे आणि एक केबिनचे, पण दार उघडणारी मोटर मात्र केबिनच्या दारालाच असते. मजल्याच्या दाराच्या आतल्या बाजूला छोटे रोलर असतात आणि केबिनच्या दारावर एक उभी पट्टी असते. केबिन मजल्याशी येऊन थांबली की ही पट्टी त्या रोलरना धरते, मजल्याच्या दाराची कडी सोडवते आणि त्याला आपल्याबरोबर बाजूला ओढून नेते. केबिन समोर नसेल तर मजल्याचे दार उघडायला तिथे कोणी नसते, आणि बाहेरून ढकलले तरी कडी सुटत नाही. दुसऱ्या बाजूने, कोणत्याही मजल्याचे दार नीट बंद होऊन कडी बसल्याशिवाय लिफ्ट हलू शकत नाही, कारण सगळ्या दारांचे विजेचे संपर्क एकाच साखळीत जोडलेले असतात आणि त्यातला एक जरी तुटला तरी मोटरची वीज जाते.

लिफ्टची सगळी सुरक्षितता या दोन अटींवर उभी आहे: केबिन नसेल तर दार नाही, आणि दार उघडे असेल तर हालचाल नाही. माणसे जे धोके ओढवून घेतात ते जवळपास सगळे यातली एखादी अट मोडण्याचे प्रकार असतात. दार बंद होऊ नये म्हणून मध्ये कुंडी, चप्पल किंवा सामानाचे खोके अडकवणे, बंद दाराला खांद्याने धक्का देणे, वैतागून लाथ मारणे, दोन बोटे फटीत घालून पाने विलग करण्याचा प्रयत्न करणे, या सगळ्यांत कडी, रोलर आणि खालच्या खाचेतली सरकपट्टी हळूहळू ढिली होतात. ज्याने लाथ मारली तो सुखरूप घरी जातो. ढिल्या झालेल्या दाराला महिन्याभराने टेकून उभे राहणारा भलताच कोणीतरी असतो. त्यामुळे लिफ्टची वाट पाहताना मजल्याच्या दाराला पाठ लावून उभे राहू नये, आणि दार उघडल्यावर केबिन खरोखर समोर आहे हे पाहूनच पाऊल टाकावे. मोबाइलच्या पडद्यावरून मान वर न करता आत शिरण्याची सवय या एका कारणासाठी तरी सोडायला हवी.

जुन्या इमारतींतल्या हाताने लावायच्या दारांना, विशेषतः सरकत्या जाळीच्या दारांना, हेच तत्त्व लागू होते, पण तिथे मोटरचे काम प्रवाशाला करावे लागते. जाळी दोन बोटे उघडी राहिली तरी संपर्क जुळत नाही आणि ती लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून कितीही बटणे दाबली तरी हलत नाही. बाराव्या मजल्यावरच्या आजीबाई औषधासाठी खाली उतरायला थांबलेल्या असतात आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अर्धवट लावलेल्या दारामुळे अडून बसलेली असते, हे दृश्य अशा इमारतींत राहणाऱ्यांना नवे नाही. बाहेर पडल्यावर आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही दारे लावून, ती लागल्याची खात्री करूनच पुढे जावे. जाळीच्या लिफ्टमध्ये मुलांना केबिनच्या मधोमध उभे करावे. चालत्या लिफ्टच्या जाळीतून बोट किंवा खेळणे बाहेर काढले, तर समोरून सरकणारी मजल्याची कड त्याला कापून काढते.

सरकत्या दाराची पाने मिटत असताना त्यांच्यामध्ये अदृश्य किरणांचा एक पडदा असतो. हाताने किंवा पायाने किरण अडला की दार पुन्हा उघडते, म्हणून पुष्कळ लोक बिनदिक्कत हात पुढे करतात. ही सोय दारात आलेल्या माणसाला वाचवण्यासाठी आहे, लिफ्ट थोपवून धरण्यासाठी नाही. जुन्या यंत्रणांत किरण एक-दोनच असतात, त्यामुळे त्यांच्या वर किंवा खाली आलेला हात दिसतच नाही. आणि नव्या यंत्रणेलाही बारीक वस्तू हमखास दिसते असे नाही. कुत्र्याचा पट्टा, ओढणीचे टोक, पिशवीचा बंद, हेडफोनची वायर यांकडे दार साफ दुर्लक्ष करू शकते. मालक आत, कुत्रा बाहेर आणि मधला पट्टा दारात, अशा स्थितीत लिफ्ट निघाली तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून पाळीव प्राण्याला आखूड पट्ट्याने अंगाजवळ धरावे, आणि आत जाताना व बाहेर येताना तो आपल्याबरोबरच आहे हे पाहावे. धावत येणाऱ्यासाठी दार थांबवायचे असेल तर आतले दार उघडण्याचे बटण दाबून धरावे. बाहेरून येणाऱ्याने मजल्यावरचे, आपल्याला जायच्या दिशेचे बटण दाबले, तरी बहुतेक लिफ्टचे मिटणारे दार पुन्हा उघडते.

दार उघडतानाही एक धोका असतो, आणि तो मोठ्यांच्या लक्षात येत नाही. लहान मुलांना केबिनच्या गुळगुळीत दारावर तळहात टेकून उभे राहायला आवडते. दार उघडू लागले की पान त्या हाताला बरोबर ओढत बाजूच्या फटीकडे नेते, आणि तिथे बोटे अडकतात. मुलाचा हात आपल्या हातात असणे हा यावरचा एकमेव खात्रीचा उपाय आहे.

उंबरठ्यावर थांबून गप्पा मारणे हे असभ्य म्हणून टाळले जाते, पण त्याचे यांत्रिक कारण अधिक भक्कम आहे. ब्रेक झिजला असेल किंवा त्यावर तेल सांडले असेल तर दार उघडे असतानाही केबिन हळूच वर-खाली सरकू शकते. अलीकडच्या मानकांनी अशी हालचाल रोखणारी वेगळी यंत्रणा नव्या लिफ्टला बंधनकारक केली आहे, परंतु जुन्या लिफ्टमध्ये ती असेलच असे नाही. त्यामुळे माणसाने आत तरी असावे किंवा बाहेर तरी. एक पाय केबिनमध्ये आणि एक मजल्यावर ठेवून निरोप घेऊ नये. त्याच उंबरठ्यापाशी दोन पट्ट्यांमध्ये सुमारे तीन सेंटिमीटरची फट असते. तिच्यातून चावी खाली पडली तर थेट लिफ्टच्या खड्ड्यात जाते. ती काढण्यासाठी खड्ड्यात उतरणे किंवा वाकून काठी घालणे हे काम लिफ्टच्या मेकॅनिकचेच आहे. जिना धुताना पाणी या फटीकडे लोटले जाणार नाही याचीही काळजी सफाई करणाऱ्यांनी घ्यावी, कारण खड्ड्यात साचलेले पाणी तिथल्या विजेच्या जोडण्या खराब करते.

बटणांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. मजल्यावरच्या बाणांच्या बटणांनी आपल्याला कुठे जायचे आहे हे सांगायचे असते. लिफ्टने कुठे यावे हे सांगायचे नसते. लिफ्ट तळमजल्यावर आहे आणि मी सहाव्या मजल्यावर आहे, म्हणून तिला वर बोलवायला वरचा बाण दाबायचा, असे समजणारे लोक खाली जायचे असूनही वर जाणारी लिफ्ट थांबवतात. दोन्ही बाण दाबल्याने लिफ्ट लवकर येते हाही असाच भ्रम आहे. एका दिशेने जाणारी लिफ्ट वाटेत त्याच दिशेच्या हाका गोळा करत जाते. दोन्ही बाण दाबले की ती वर जाताना एकदा आणि खाली येताना पुन्हा एकदा त्याच मजल्यावर थांबते. यातले एक थांबणे फुकट असते, आणि दार उघडून मिटेपर्यंत आतल्या सगळ्यांचा वेळ जातो. बटणाचा दिवा लागला म्हणजे हाक नोंदली गेली. नंतर दहा वेळा दाबून काहीही वेगवान होत नाही.

बाहेर पडणाऱ्यांना आधी वाट द्यावी हा नियम सर्वांना माहीत असतो, तरी दार उघडताच घोळका मध्ये उभा असतोच. दाराच्या दोन्ही बाजूंना सरकून मधली जागा मोकळी ठेवली, तर दार ठरलेल्या काही सेकंदांतच रिकामे होते आणि पुन्हापुन्हा अडत नाही. आत गेल्यावर वरच्या मजल्याला जाणाऱ्यांनी मागे सरकावे, लवकर उतरणाऱ्यांनी पुढे राहावे, पाठीवरची सॅक काढून पायाशी किंवा हातात धरावी. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी माणसामाणसांतल्या अंतराचा अभ्यास करताना सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आतले अंतर हे अगदी जवळच्या माणसांसाठी राखीव मानले जाते असे नोंदवले होते. भरलेल्या लिफ्टमध्ये ते अंतर नाइलाजाने मोडते, म्हणून तर सगळे वरच्या आकड्यांकडे बघत उभे राहतात. अशा वेळी मोठ्याने फोनवर बोलणे किंवा शिंका आल्यावर तोंड न झाकणे इतरांना नेहमीपेक्षा जास्त खुपते.

काही लिफ्टमधल्या मागच्या भिंतीवर आरसा असतो, तो केस नीट करण्यासाठी असतो असाच बहुतेकांचा समज आहे. चाकांच्या खुर्चीवरची व्यक्ती लहान केबिनमध्ये वळू शकत नाही. तिला उलट बाहेर पडावे लागते, आणि मागे कोणी उभे आहे का, उंबरठा कुठे आहे, हे ती त्या आरशात पाहते. म्हणून खुर्ची आत असताना आरशासमोर उभे राहू नये. अनेक इमारतींत वर जाणारी लिफ्ट आली की एक घंटा आणि खाली जाणारी आली की दोन घंटा वाजतात, त्या दृष्टिहीन व्यक्तींसाठी असतात. त्या ऐकू येण्याइतकी शांतता लिफ्टसमोर असावी. एक-दोन मजलेच जायचे असेल आणि गुडघे धड असतील, तर गर्दीच्या वेळी जिना वापरणे हा मला सर्वांत मोठा शिष्टाचार वाटतो.

वजनाच्या बाबतीत पाटीवरची माणसांची संख्या हा केवळ हिशेब असतो. देशोदेशीच्या नियमांनुसार एका माणसाचे वजन ६८ किंवा ७५ किलो असे धरून ती काढलेली असते; यंत्र माणसे मोजत नाही, वजन मोजते. मर्यादा ओलांडली की बझर वाजतो, दार उघडेच राहते आणि लिफ्ट निघायला नकार देते. मग कोणी टाचा उचलतो, कोणी भिंतीला रेलतो, पण वजन काही केल्या कमी होत नाही. शेवटी आलेल्याने उतरावे असा संकेत आहे. मात्र शेवटी आलेली व्यक्ती वृद्ध, गरोदर किंवा काठी घेतलेली असेल, तर दाराजवळच्या धडधाकट माणसाने काही न बोलता बाहेर पडावे. जड सामान नेताना पाटीवरचे किलो पाहावेत आणि ते केबिनच्या मध्यावर ठेवावे, दाराच्या पट्टीवर आपटू नये.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली की घबराट होते, आणि खरा अपघात बहुधा तिथून पुढे घडतो. वर सांगितलेल्या साखळीतला एखादा संपर्क तुटला, म्हणजे कुठेतरी दार हलले किंवा वीज गेली, की लिफ्ट जागच्या जागी थांबते. तिने तसे थांबावे अशीच तिची रचना आहे. केबिन हवाबंद नसते, तिला वायुवीजनाच्या फटी ठेवलेल्याच असतात, त्यामुळे आत गुदमरून जाण्याची भीती बाळगू नये. बॅटरीवर चालणारी बचाव-यंत्रणा असलेली लिफ्ट वीज गेल्यावर थोड्याच वेळात हळूहळू जवळच्या मजल्यावर जाऊन दार उघडते. ती नसेल तर घंटेचे बटण दाबावे, इंटरकॉमवर किंवा मोबाइलवरून इमारत, लिफ्ट आणि साधारण मजला सांगावा, आत कोणी आजारी असल्यास तेही सांगावे, आणि दारापासून दूर उभे राहून किंवा बसून थांबावे.

दार ताकदीने उघडून बाहेर पडू नये याचे कारण नीट डोळ्यांसमोर आणावे. समजा केबिन मजल्यापेक्षा मीटरभर वर अडकली आहे. दार उघडले तर समोर खालच्या बाजूला मजल्याची फरशी दिसते, आणि ‘एवढीशी तर उडी आहे’ असे वाटते. परंतु केबिनच्या तळाखाली, फरशीच्या कडेला लागून, डक्टचा, म्हणजे केबिन जिच्यातून वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीचा, उघडा खड्डा असतो. केबिनच्या उंबरठ्याखाली एक उभा पत्रा बसवलेला असतो, पण तो साधारण पाऊण मीटरच असतो, आणि जुन्या लिफ्टमध्ये तर त्याहूनही तोकडा. उडी मारणाऱ्याचे पाय फरशीवर पडतात, तोल मागे जातो, आणि मागे काही नसते. वरून हात देऊन बाहेर ओढण्यातही धोका आहे: माणूस अर्धा आत आणि अर्धा बाहेर असताना वीज आली किंवा केबिन सरकली, तर तो मध्ये चिरडला जातो. मजल्याच्या दारावर वरच्या बाजूला एक त्रिकोणी भोक असते. त्याची किल्ली सुरक्षारक्षकाच्या जुडग्यात असली, तरी ती वापरण्याचे प्रशिक्षण त्याला नसेल तर त्याने दार उघडू नये. प्रशिक्षित माणूस आधी मुख्य वीज बंद करतो, मग ब्रेक हाताने थोडा थोडा सोडून केबिन मजल्याशी आणतो आणि त्यानंतरच दार उघडतो. याला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

आग लागल्यावर लिफ्ट वापरू नये हे सगळीकडे लिहिलेले असते. डक्ट तळापासून छतापर्यंत सलग पोकळ असल्यामुळे धूर तिच्यातून वर चढतो आणि केबिनमध्येही शिरतो. शिवाय वीज कधीही जाऊ शकते. अग्निशमन दलाच्या जवानांसाठी राखून ठेवलेल्या लिफ्टची गोष्ट वेगळी असते. भूकंपाचे धक्के जाणवले तर सर्व मजल्यांची बटणे दाबून जिथे पहिल्यांदा दार उघडेल तिथे उतरावे, आणि थांबलेली लिफ्ट तपासणी झाल्याशिवाय पुन्हा वापरू नये. पुराचे पाणी तळमजल्यात शिरत असेल तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करून ठेवावी.

शेवटी देखभाल. मेकॅनिक ठरलेल्या दिवशी येतो, पण लिफ्ट रोज वापरणारे रहिवासी आणि कर्मचारी तिला त्याच्यापेक्षा जास्त वेळा पाहतात. केबिन मजल्याशी समपातळीत न थांबता बोटभर वर किंवा खाली थांबू लागली, दार दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात लागू लागले, एखाद्या मजल्यावरचे दार हाताने हलवल्यास खडखडू लागले, सुटताना हिसका बसू लागला किंवा घंटेचे बटण दाबून काहीच वाजले नाही, तर ते लगेच कळवावे. कळवताना ‘लिफ्ट बिघडली आहे’ एवढेच लिहू नये. कोणती लिफ्ट, कोणता मजला, वर जाताना की खाली येताना आणि साधारण किती वाजता, एवढे चार तपशील दिले तर मेकॅनिकला सगळी लिफ्ट उलगडत बसावी लागत नाही आणि तो थेट त्या मजल्याच्या दाराशी जाऊन कडी तपासतो.